इंजिनिअरिंग की फिजिक्स? डिचोलीहून आलेलं पत्र

डिचोलीचे एक वाचक लिहितात : ‘माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. लेक बारावी सायन्सला. खोडदची दुर्बीण पाहून आल्यापासून रेडिओ खगोलशास्त्राचा ध्यास घेतलाय. मला वाटतं, तिनं इंजिनिअर व्हावं. रात्र रात्र जागून आकाश बघून पोट भरतं का?’

नमस्कार. जागरणाची काळजी आधी सोडा. पावसाळ्यात आपल्याकडे आठवडा-आठवडा एक चांदणी दिसत नाही, पण खोडदला आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी टिपतात त्यांना ढग अडवत नाहीत, भर दुपारचं ऊनही नाही. निरीक्षणं दिवसरात्र चालतात. संशोधकाचा बराचसा वेळ मात्र कॉम्प्युटरवर, आलेली माहिती गाळण्यात आणि प्रोग्रॅम लिहिण्यात जातो.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही खोडदची दुर्बीण नारायणगावजवळ आहे : 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. एवढी डिश भरीव पत्र्याची केली तर वारा तिला धरणार, आणि तो जोर पेलायला सांगाडा अवजड करावा लागणार. म्हणून प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलच्या साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी ताणून बसवली. भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. वारा आरपार जातो, पण आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर त्या भोकांतून निसटत नाही, परावर्तित होते. तिला ती जाळी पत्र्यासारखीच. तुम्ही हे वाचून जाळीचं वजन मनात मांडायला लागला असाल, तर लेकीचं वेड कुठून आलं ते मला कळलं!

म्हणजे तुमचा वाद मुळात दोन टोकांचा नाहीच. या केंद्राला इंजिनिअरही लागतात : अँटेना, रिसीव्हर, डिशच्या मोटारी, सिग्नल प्रोसेसिंग. आणि बी.ई. झालेल्यालाही तिथे पीएचडीसाठी अर्ज करता येतो. तेव्हा तिला इतकंच विचारा : डिश बांधायला आवडेल, की तिच्यातून आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला? पहिलं उत्तर आलं तर इलेक्ट्रॉनिक्स. दुसरं आलं तर गोव्यातच बीएस्सी फिजिक्स, मग एमएस्सी, मग प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. गणित आणि प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे लागणारच.

पोटापाण्याचं खरं सांगते. पीएचडीला फी भरत बसावं लागत नाही, उलट विद्यावेतन मिळतं. केंद्र सरकारच्या ज्युनिअर फेलोशिपचा दर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. पण पाच-सहा वर्षं त्यात जातात, पुढे बहुधा परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, आणि कायमच्या जागा मोजक्याच. तिशी उलटून गेली तरी घडी बसलेली नसेल. हे तिला आत्ताच सांगा, धाक म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. सिग्नल आणि डेटाचं काम शिकलेली मुलगी उद्या बाहेर पडली तरी नोकरीला मोताद होत नाही, हेही त्याच हिशेबात धरा.

28 फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं. या खेपेला लेकीबरोबर तुम्हीही जा. ती जाळी कशी ताणली, हे तिथल्या इंजिनिअरला तुम्ही विचारा, आणि ते बोलणं तिला शेजारी उभं राहून ऐकू द्या.