स्टिअरिंग रॅकला हात लावू देण्याआधी आवाज शोधा

तुमची हकीकत नीट वाचली. अंबाजोगाई ते लातूर रोजचं जाणं-येणं, गाडीच्या पुढून डाव्या बाजूने खडखड. गॅरेजवाल्याने आधी दोन्ही शॉकअप आणि वरचे माउंट (शॉकअप बॉडीला जोडणारी बैठक) बदलले, मग दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारी दांडी), मग लिंक रॉड (गाडी वळणावर कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी कांडी). 41 हजारांचं काम झालं, त्यातले शेवटचे 9 हजार द्यायचे बाकी आहेत, आवाज जिथल्या तिथे. गाडी अजून गॅरेजवरच आहे आणि आता म्हणे स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) गेलाय, वरून 28 हजार लागतील. बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो, म्हणून सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, रॅकला आत्ता होकार देऊ नका.

गॅरेजवाला सरसकट खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत रस्ता टिकत नाही. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, वरचं डांबर लाटांसारखं होतं. त्यात गाळप हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या. अशा रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचे बुश (सांध्यांतले रबर) आणि लिंक रॉड लवकर जातात, हे खरंच आहे. पण पार्ट झिजलेला असणं वेगळं आणि आवाज त्याच पार्टचा असणं वेगळं. तुमच्या गाडीत ही दुसरी गोष्ट कुणी तपासलेलीच दिसत नाही. बदलून बघू, गेला तर गेला, असं चाललंय, आणि ते तुमच्या पैशाने.

आवाज शोधायला महागडं मशीन लागत नाही, खड्डा किंवा रॅम्प आणि दोन माणसं लागतात. गाडी चाकांवर उभी हवी. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना लिंक रॉडचा ढिलेपणा बहुतेक वेळा कळतच नाही. एकाने बाजूने गाडी दाबून हलवायची, दुसऱ्याने खाली एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. ढिला जॉइंट कानाच्या आधी बोटाला कळतो, टक् असा बारीक झटका लागतो. मग जागेवरच स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायचं आणि डाव्या स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवायचा (वेटोळ्यांच्या मध्ये बोटं घालू नका). माउंटचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग सरळ फिरत नाही, पीळ साठवते आणि एकदम उसळते. नवीन माउंटसुद्धा चुकीचं बसलं तर हेच होतं. शॉकअपच्या वरचा नट पूर्ण आवळलेला नसेल तरीही खडखड तशीच राहते.

रस्त्यावरही एक चाचणी घ्या. मोकळ्या खराब रस्त्यावर हळू चालवताना ब्रेक अगदी हलका दाबून धरा. त्या क्षणी आवाज थांबला, तर तो सस्पेन्शनचा (शॉकअप, आर्म वगैरेंचा) नसून कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांचा किंवा ब्रेक पॅडचा असण्याची शक्यता जास्त. काम शेकड्यांत किंवा फार तर थोड्या हजारांत होतं. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर, सायलेन्सरचा रबर हँगर, इंजिन माउंट यांचा आवाजही आत बसलेल्याला हुबेहूब सस्पेन्शनसारखा वाटतो. रॅक खरंच ढिला असेल तर पुढचं चाक जमिनीवरून उचलून, डावी-उजवी कड धरून हलवल्यावर खेळ म्हणजे ढिलेपणा जाणवतो. फक्त तो खेळ टाय रॉड एंडचा (चाकाकडच्या सांध्याचा) आहे, आतल्या रॅक एंडचा (रॅककडच्या सांध्याचा) आहे की रॅकचाच, हे बूट म्हणजे रॅकवरचं रबरी आवरण सरकवून बघावं लागतं. तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्हाला यातलं काही दाखवलं का? नसेल, तर 28 हजारांचा अंदाज कशावरून आला हे आधी विचारा.

आता एक बाब जी मेकॅनिक सहसा सांगत नाहीत. लोअर आर्म बसवल्यावर त्याच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर टेकवून, वजन आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. लिफ्टवर चाकं लोंबत असतानाच आवळले, तर गाडी खाली येताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. नवा आर्म असूनही करकर सुरू होते आणि रबर लवकर फाटतं. तुमच्या आर्मचे बोल्ट सैल करून, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळायला सांगा. हे काम त्यांनी फुकट करून द्यायला हवं, कारण ते मूळ कामातच धरलेलं असतं.

बदललेले पार्ट परत मागा. आजच मागा, भंगारात गेले की संपलं. लिंक रॉडचा जॉइंट हाताने घट्ट फिरत असेल, खुळखुळत नसेल, तर तो चांगला होता. शॉकअपवर नुसता तेलकट ओलावा म्हणजे खराबी नव्हे, तेल ओघळून धूळ चिकटून थर झालेला दिसायला हवा. आर्मच्या बुशचे जवळून फोटो काढून ठेवा. नव्या पार्टची खोकीही मागा आणि बिल त्यांच्याशी ताडून पाहा. खोक्यावरच्या एमआरपीत कर धरलेला असतो, तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. सुट्या पार्टवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे. तुमचं काम त्यानंतरचं असून बिलात 28 टक्के लावले असतील तर तेही सरळ करून घ्या.

लेबरकडे नीट बघा, मला खरा राग तिथे येतो. बऱ्याच गाड्यांत लिंक रॉड शॉकअपलाच बोल्टने जोडलेला असतो, म्हणजे शॉकअप काढताना त्याचं एक टोक सोडवावंच लागतं. तेच नट पुन्हा पुन्हा उघडून प्रत्येक वेळी पूर्ण लेबर घेतलं असेल, वर चाकांचं अलाइनमेंटही दरवेळी वेगळं लावलं असेल, तर तुमची पहिली मागणी हीच ठेवा. पूर्ण 41 हजार परत मागाल तर बोलणी तिथेच तुटतील. शॉकअप आणि आर्म तुम्ही वापरणारच आहात. पण दुबार लेबर आणि चांगला असताना बदललेला पार्ट, यांच्या पैशांवर तुमचा हक्क आहे.

गाडी सोडवायचं म्हणाल तर जपून. कराराच्या कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, सांगितलेलं काम केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून दुसऱ्या चावीने गाडी उचलून आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 9 हजार यूपीआयने किंवा बँकेतून भरा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहा, ‘आवाज कायम आहे, हरकत नोंदवून रक्कम दिली.’ सही, तारीख, फोटो. पक्कं बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे शांतपणे सांगून टाका.

मग दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला, फक्त तपासणीसाठी गाडी न्या. दुरुस्ती करायची नाही, लेखी अहवाल हवा, हे आधीच सांगा. त्याचे पैसे लागतील, ते द्या. आवाज कशाचा निघाला आणि आधी बदललेल्या पार्टशी त्याचा संबंध होता का, ही दोन वाक्यं जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) आली पाहिजेत. तोंडी मताला पुढे किंमत नसते.

तो कागद हातात आल्यावर गॅरेजला पत्र द्या, पोच घ्या किंवा स्पीड पोस्टने पाठवा, आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण लातूरसारख्या गावात धंदा नावावर चालतो. नाही मिटलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. गॅरेज लातूरला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडला, तक्रार करता येते. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण आयोगात तारखा पडतात आणि आवाज करणारी गाडी तोवर उभी ठेवणं परवडत नाही. म्हणून लेखी अहवाल झाला की दुरुस्ती करून घ्या, तिचं बिल जपा आणि ती रक्कम मागणीत धरा.

ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बदलतो का, आणि गाडी किती किलोमीटर चाललीय, एवढं मला कळवा. जुने आर्म मिळाले तर मागच्या बुशचा फोटो उजेडात काढून पाठवा, रबर धातूपासून सुटलंय का ते बघून सांगतो.