केरळात अपघात जास्त, मग मरणारे कमी कसे?

प्रश्न: दादा, केरळ आणि यूपीत अपघात जवळपास सारखेच होतात म्हणे, पण यूपीत माणसं पाचपट मरतात, हे खरं का?

उत्तर: आकडे खरेच आहेत. 2022 मध्ये केरळात 43,910 अपघात आणि 4,317 मृत्यू, यूपीत 41,746 अपघात आणि मृत्यू 22,595! आपल्या महाराष्ट्रात 33,383 अपघातांत 15,224 गेले, म्हणजे आपणही फार शहाणे नाही. आता केरळात रस्त्याला लागूनच घरं, दुकानं, वळणं, त्यात पुढे बस, स्पीड मिळणार कुठून, पायबिय मोडतो पण माणूस वाचतो आणि हॉस्पिटलही जवळ असतं. यूपीत लांबलचक हायवे, रात्री टेललाईट नसलेला ट्रॉली-ट्रॅक्टर आणि मागून ऐंशीच्या स्पीडने येणारी बाईक, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, मग काय होणार. शिवाय केरळात किरकोळ धडकेचीही नोंद होते, इन्शुरन्सला कागद लागतो ना, त्यामुळे अपघातांचा आकडा फुगतो.

पण थांबा, लोकसंख्येने भागून बघा, गंमत कळेल: केरळात लाखामागे साधारण 12 मृत्यू, यूपीत 10 च्या आत. त्यामुळे कोणी नुसती टक्केवारी फेकली की आधी विचारायचं, भागलंय कशाने?