आजीच्या गोळीने टॅडपोलचा बेडूक होतो का?

प्रश्न: मुलाने शेतातल्या डबक्यातून बेडकाची पिल्लं (टॅडपोल) आणून टबात ठेवलीत. एकाला चारी पाय फुटलेत पण ते काही खातच नाहीये, बाकीची अजून माशासारखीच. मुलगा म्हणतो आजीची थायरॉइडची गोळी पाण्यात टाकली की सगळी पटापट बेडूक होतील. खरंय का हे? आणि शेपटी गळून पडते का? टबात तर कुठे दिसत नाही.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: ताई, आधी गोळ्यांचा डबा वर ठेवा! पोरगं म्हणतंय ते खरंच आहे. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने टॅडपोलना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बेडूक झाले, पण अगदी चिमुकले. पुढे अ‍ॅलन या संशोधकाने उलटं केलं, ग्रंथीच काढून टाकली, मग टॅडपोल नुसते वाढत राहिले, बेडूक काही झाले नाहीत. आजीच्या गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे याच ग्रंथीचं हार्मोन, बेडकातही असतंच, त्यामुळे परिणाम होणार, पण क्रम बिघडतो. एरवी हार्मोन हळूहळू वाढतं, मागचे पाय थोडक्यातच कामाला लागतात, शेपटीला मात्र भरपूर लागतं म्हणून ती शेवटी जाते. एकदम डोस दिला तर पाय धड तयार नाहीत आणि शेपटी आटायला लागली, असं होऊन बसतं.

शेपटी गळत नाही हो, जागच्या जागी विरघळते. तिच्या पेशी मरतात, एन्झाइम्स तिचे तुकडे करतात आणि तो माल शरीरच वापरून टाकतं. शेपटीचा तुकडा कापून बशीत ठेवून थायरॉइड हार्मोन दिलं तरी तो आक्रसतो, म्हणजे हुकूम मिळाला की बाकीचं ती स्वतःच करते. तुमचं पिल्लू खात नाहीये ते पण याचमुळे, शेवाळ खरवडणारं तोंड जाऊन किडे धरणारं तोंड येतंय, लांबलचक आतडं आखूड होतंय, तोवर शेपटीवरच भागतं. जबरदस्तीने भरवू नका.

बाकीची मागे का, तर गर्दी, खाणं, पाण्याचं तापमान, बरीच कारणं. काही जातींत डबकं आटायला लागलं की स्ट्रेसचं हार्मोन थायरॉइडला पुढे ढकलतं, पिल्लं लहान असतानाच घाईने बाहेर पडतात.

सध्या एवढंच करा, पाणी कमी करून एक तिरका दगड ठेवा. आता चार पायवाल्याचे कल्ले जाऊन फुप्फुसांवर काम चाललंय, चढायला जागा नसली तर बुडून मरेल. शेपटी गेली की जिथून आणलं त्याच डबक्याकाठी सोडा.