कोळशाच्या करंटवर टेम्पो पळवून काय उपयोग?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सोलापूरचा, डिझेलचा तीनचाकी टेम्पो आहे माझा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं चादरी-टॉवेलच्या गाठी भरायच्या अन् ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायच्या, दिवसाला 60 किलोमीटर धरा. आता जो तो म्हणतो इलेक्ट्रिक घे, प्रदूषण शून्य. पण आमचे सासरे म्हणतात करंट येतो कुठनं, फताटेवाडीला एनटीपीसी कोळसाच जाळतंय की! मग धूर इथं सोडला काय अन् तिथं सोडला काय?

उत्तर : सासऱ्यांना नमस्कार सांगा दादा, मुद्दा बरोबर धरलाय त्यांनी. फताटेवाडीचा प्लांट 1320 मेगावॅटचा, कोळशावरच चालतो. आता तुमच्या बोर्डात येणारा करंट तिथलाच असेल असं नाही, पण देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच, त्यामुळे गोष्ट तीच. हिशोब घाला ना. 1 लिटर डिझेल जळालं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. 25 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर तुमच्या 60 किलोमीटरला साडेसहा किलो. इलेक्ट्रिकला तेवढ्याला 7 युनिट लागतील, युनिटमागं 700 ग्रॅम, म्हणजे पाच किलो. कमी झालं, शून्य नाही झालं. गल्लीतला काळा धूर आणि ती फटफट जाते हा फायदा वेगळा, घरातल्यांना विचारा.

खरा फरक सोलरनं पडतो. आपल्याकडं उन्हाला तोटा नाही, 1 किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे 2 किलोवॅटमध्ये टेम्पोचं भागतं (छपराचे पत्रे जुने असले तर वजन पेलतील का ते आधी बघून घ्या). आणि चार्जिंग रात्री नको, दुपारी करा, तसंही मे महिन्यात 1 ते 4 कोण गाठी भरतंय! फक्त उन्हातनं आल्या आल्या प्लग लावू नका, अर्धा तास सावलीत बॅटरी थंड होऊ द्या. बॅटरी बनवताना जो कार्बन गेला तो गेलाच, तो काय सोलरनं पुसला जात नाही.

आणि एक विचारू का, गाठी टाकून येताना टेम्पो रिकामाच येतो ना? म्हणजे निम्मं पळणं असंच. त्याच गोडाऊनला विचारून बघा, कारखान्यांची सुताची पोती ट्रकनं उतरतच असतील, येताना ती भरायची. हे तर आत्ताच्या डिझेल टेम्पोवरपण उद्यापासून जमेल, एक रुपयाचा हप्ता न भरता.