पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईतला ब्रिटिश नौसैनिक जॅक कॉर्नवेल हा व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेला सर्वांत लहान वीर होता का?

नाही, त्याच्याहून लहान दोघे होऊन गेले: १८५७ मध्ये कानपूरला लढलेला ढोलवादक थॉमस फ्लिन आणि १८६० मध्ये चीनच्या ताकू किल्ल्यांवरच्या हल्ल्यात सामील झालेला अँड्र्यू फिट्झगिबन, दोघेही साधारण सव्वापंधरा वर्षांचे. कॉर्नवेलचा जन्म ८ जानेवारी १९०० चा, लढाई ३१ मे १९१६ ची, म्हणजे तो १६ पूर्ण होता. पण नौदलाचा विचार केला तर सर्वांत लहान तोच. त्याने तोफ एकट्याने डागत ठेवली असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र चूक. ‘चेस्टर’ जहाजाच्या पुढच्या साडेपाच इंची तोफेवर तो नेम जुळवून द्यायचा: कानाला लावलेल्या फोनवर अंतराचा आकडा ऐकायचा आणि त्याप्रमाणे नेमाची चकती फिरवायची. तोफेची ढाल डेकपर्यंत टेकत नव्हती, मागून तर उघडीच होती. त्यामुळे फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे आत घुसले आणि भोवतालचे सोबती मेले किंवा जबर जखमी झाले. छातीत पोलादाचे तुकडे रुतलेले असताना हा पोरगा पुढच्या हुकमाची वाट पाहत जागेवर उभा राहिला. शौर्य म्हणायचं ते याला. २ जूनला ग्रिम्सबीच्या रुग्णालयात तो गेला. पदक नोव्हेंबरात त्याच्या आईच्या हाती आलं. ती तोफ आजही लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे.