आधी मराठी टाईप करून बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. लोगो-पाकिटांच्या डिझाइनचं स्वतःचं काम सुरू करायचंय, लॅपटॉप घ्यायचाय, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन भरायचंय, पुस्तकांची यादी हवीय, आणि गाठीला पैसे मोजकेच. पहिली दोन कामं मात्र ठरलीत, एक घरगुती मसाल्यांचं आणि दुसरं सायकलच्या दुकानाचं, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे पाट्या, पाकिटं, बिलबुकं आणि व्हॉट्सॲपचा डीपी. पुढचं सगळं हे धरूनच लिहितोय. एजन्सीत नोकरीला लागणार असतीस तर वेगळं काही सांगितलं असतं.

सॉफ्टवेअरच्या आणि पुस्तकांच्या नेटवरच्या याद्या तू चाळल्याच असशील. त्या वाईट नसतात, पण त्या करणाऱ्यांवर वेलांटी लावायची वेळ सहसा आलेली नसते. तुझ्यावर रोज येणार. महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत हवी आणि त्यावरची मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असा कायदाच आहे. २०२२च्या दुरुस्तीने तो छोट्या दुकानांनाही लागू झाला, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. तरी लोगो आधी इंग्रजीत करायचा आणि मराठी नाव खाली कसंबसं बसवायचं, ही खोड काही जात नाही. तू दोन्ही नावं एकाच कागदावर, एकाच बैठकीत काढ. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा लागते. पहिल्या स्केचमध्ये ती ठेवली नाहीस, तर शेवटी मराठी नाव बारीक करावं लागतं, आणि नेमकं तेच पाटीवर चालत नाही.

म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरला पैसे देण्याआधी त्यात ही ओळ टाईप करून बघ: ‘दुसऱ्या कुऱ्हाडीची शिल्लक, ॲप, ऑफिस, वाङ्मय, कर्तृत्व.’ अर्थ शोधू नकोस, आकार बघ. ‘शि’ची वेलांटी श च्या आधी आली का? ‘दुसऱ्या’तला आडवा र जागेवर राहिला, की रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला? ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन तर नाही? ‘ङ्म’ जोडलं गेलं का? यात नापास झालेलं सॉफ्टवेअर कितीही गाजलेलं असलं तरी तुझ्या कामाचं नाही.

त्यातल्या त्यात एक सांगतो. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी तुटलेली दिसली की लोक फॉन्टला शिव्या घालतात. बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो. त्यांच्या इलस्ट्रेटरच्या, म्हणजे लोगो काढायच्या सॉफ्टवेअरच्या, प्रेफरन्सेसमध्ये टाईप या भागात इंडिक ऑप्शन्स चालू कर. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवड. वेलांट्या मुकाट जागेवर येतात.

पण तुला आज ॲडोबीची गरज आहे असं मला वाटत नाही. लोगो काढायचं इंकस्केप फुकट आहे, मुक्त आहे आणि आपली जोडाक्षरं नीट दाखवतं. लोगो, पाटी, पाकीट एवढ्याला ते पुरतं. छपाईचे सीएमवायके, म्हणजे चार शायांचे रंग ही त्याची दुखरी बाजू, तिथे स्क्रायबस या पानं मांडायच्या फुकट सॉफ्टवेअरची मदत घे. ॲफिनिटी हे ॲडोबीसारखंच सॉफ्टवेअर २०२४मध्ये कॅनव्हाने, म्हणजे तयार साच्यांवर डिझाइन करून देणाऱ्या साइटने, विकत घेतलं आणि आता ते फुकट मिळतं. मोह होईल, पण आधी ती ओळ. कॅनव्हाला नाकं मुरडणारे डिझायनर तुला भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. मसालेवाल्या ताई दिवाळीची पोस्ट स्वतःच करणार आहेत, आणि ती कॅनव्हातच करणार आहेत. त्यांचे रंग, फॉन्ट आणि दोन-तीन तयार साचे तिथे ठेवून दिलेस तर तुझं काम वर्षभर शाबूत राहील. नाहीतर पाडव्यापर्यंत लोगोला सोनेरी सावली चढलेली दिसेल.

आणि कोरलड्रॉ, छापखान्यांचं लाडकं डिझाइन सॉफ्टवेअर. तालुक्याच्या गावी फ्लेक्सवाला, पत्रिकावाला, शिक्केवाला, सगळ्यांचा व्यवहार कोरलमध्येच चालतो. तू काम कशातही कर, पण फाईल देण्याआधी त्याच्याकडे कोरलचं कुठलं व्हर्जन आहे ते विचार आणि सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, करून दे. ‘फक्त पत्ता बदलायचाय’ म्हणून त्याने तिथेच श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलं की पाटीवर दोन वेगळ्या वळणांची मराठी नांदते. शिवाय त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो, तो उचलून व्हॉट्सॲपवर टाकलास की नुसती अगम्य चिन्हं उमटतात.

फॉन्टवर सध्या एक रुपया घालवू नकोस. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्ता’ मजकुराला घे. त्यांचाच ‘मोदक’ गलेलठ्ठ आहे, खाऊच्या पुड्यावर झकास दिसतो, सायकलच्या दुकानाला अजिबात नको. ‘टिरो देवनागरी मराठी’ पुस्तकी वळणाचा आहे. हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ही उतरवून ठेव. निवडताना ल आणि श आधी बघ. आपला ल पाकळीचा, श देठाचा. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे समोर असतात आणि मराठी रूपं आत दडलेली असतात, मजकुराची भाषा मराठी केली की बाहेर येतात. गिऱ्हाइकाला फरक सांगता येणार नाही, पण ‘काहीतरी परकं वाटतंय’ एवढं तो नक्की म्हणेल.

वाचलेल्या पैशांत कट निबचा, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाचा पेन, शाई, ट्रेसिंग पेपर आण. देवनागरीचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आलाय, आणि तो तिरकेपणा इंग्रजीच्या उलटा आहे. हाताने चार पानं गिरवलीस की फॉन्टमधलं अक्षर कुठे फसलंय ते आपोआप दिसायला लागतं.

पुस्तकं थोडीच सांगतो. एलन लप्टन यांचं ‘थिंकिंग विथ टाईप’ विकत घे, २०२४ची तिसरी आवृत्ती मिळाली तर तीच. अलिना व्हीलर यांचं ‘डिझायनिंग ब्रँड आयडेंटिटी’ मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेलं आहे. त्यातला सुरुवातीच्या चौकशीचा भाग नीट वाच, बाकी चाळलंस तरी भागेल. म्युलर-ब्रॉकमन यांचं ग्रिडवरचं, म्हणजे पानाच्या आखणीवरचं पुस्तक महाग आहे, लायब्ररीत बसून बघ. आपल्याकडचं म्हणशील तर बापूराव नाईकांचे ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’चे तीन खंड, १९७१ साली भाषा संचालनालयाने काढलेले. सलग वाचवत नाहीत, पण छपाईच्या खिळ्यांच्या काळात जोडाक्षरांचं काय काय करावं लागलं हे त्यात आहे. आणि कमल शेडगे यांचं ‘माझी अक्षरगाथा’. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं बघ. वर्तमानपत्राच्या भुरकट कागदावर, एका काळ्या रंगात, अक्षराच्या वळणावरून नाटक गंभीर की फार्स ते कळायचं. रंग नाही, फोटो नाही. ब्रँडिंगवरच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा तुला यातून जास्त मिळेल असं माझं मत आहे. आयआयटी मुंबईचं ‘डीसोर्स’ ही डिझाइन शिकवणारी साइट फुकट आहे, तेही पाहत जा.

आता मसाल्याच्या पाकिटाचं. लोगो पसंत पडण्याआधी तो पंधरा मिलिमीटर रुंदीला काळ्या-पांढऱ्यात छाप आणि त्या छापाची पुन्हा झेरॉक्स काढ. मग त्याचा रबरी शिक्का करून घे. ‘घरगुती’तल्या घ ची आतली पोकळी शाईने बुजते का, ‘मसाले’ची मात्रा शिरोरेषेला चिकटते का, ते बघ. बुजत असेल तर पोकळी मोठी कर, रेषा बारीक करू नकोस. पाकिटावर फक्त नावालाच जागा लागते असंही नाही. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयच्या अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, वजन, एमआरपी, तारीख, पत्ता, हे सगळं यायलाच हवं. ते आधी आखून घे, उरलेल्या जागेत तुझी कला.

रंग स्क्रीनवर ठरवू नकोस. कोथिंबिरीचा तो तजेलदार हिरवा सीएमवायकेत मळकट होतो. पँटोनच्या, म्हणजे क्रमांक दिलेल्या ठरावीक रंगांच्या, भरवशावरही राहू नकोस. २०२२च्या अखेरीस ॲडोबीमधून त्यांच्या बऱ्याच रंगसूची निघाल्या आणि जुन्या फायलींत त्या रंगांच्या जागी काळा दिसायला लागला. प्रेसवर जा, त्यांनी आधी छापलेल्या पाकिटांमधला हिरवा निवड आणि त्याचे आकडे मागून घे. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची छपाई, सोड.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध घे. शोध फुकट आहे, मालाच्या वर्गांपैकी मसाले ३० व्या वर्गात येतात. नोंदणी मसालेवाल्या ताईंनी करावी, ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात. तुझ्या करारात लोगोचा कॉपीराइट किती वर्षांसाठी देतेस ते लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि सहाव्या वर्षी दोघांचीही पंचाईत. निम्मे पैसे आधी घे. यावर चर्चा नको.

लॅपटॉप सेकंडहँड चालेल, रॅम सोळा जीबी बघ. स्क्रीनपेक्षा प्रिंटर महत्त्वाचा.

पाकिटाची पेन्सिलची स्केचेस झाली की फोटो काढून पाठव. कॉम्प्युटरवर चढवलेली नकोत.

– सर