ऑफिसला रोज ये-जा करण्यासाठी स्वस्तातली इलेक्ट्रिक सायकल कशी निवडावी?

आधी बॅटरी बघा, मोटर नंतर. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॅट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, मिळते: ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-तास जातात, म्हणजे एका चार्जमध्ये २५ ते ३५ किलोमीटर (ही झाली रेंज) धरा. कंपन्यांचा रेंजचा आकडा बहुतेकदा सपाट रस्त्यावर, मोटरची मदत कमीत कमी ठेवून काढलेला असतो. त्यावर विसंबू नका. बॅटरी जुनी झाली की क्षमताही घटते, तेव्हा रोजच्या अंतराच्या दीडपट तरी रेंज हवी.

बॅटरी काढता येणारी घ्या. दुकानातच ती स्वतः काढून, उचलून, परत बसवून बघा. कुलूप अडकतंय का, चार्जिंगच्या जागेवरचं रबरी झाकण घट्ट बसतंय का, लगेच कळतं.

मागच्या चाकातली हब मोटर स्वस्त आणि पुरेशी. पैसे डिस्प्ले आणि ॲपमध्ये वाचवा, ब्रेकमध्ये अजिबात नको. ही सायकल जड असते, डिस्क ब्रेकच घ्या.

आणि नवी बॅटरी केवढ्याला पडेल, सुटी मिळते का, हे आधीच विचारा. मिळत नसेल तर सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.